आधी खेळ वाचायला शिकू या, मग बनवू या!



"स्वतःचा खेळ तयार करा" हा उपक्रम आपण सगळेच कधी ना कधी वर्गात घेतो. मुलं कार्डशीट आणतात, स्केचपेन आणतात, दोन तासिका वर्ग नुसता रंगून जातो. शेवटी पट गोळा केले की काय दिसतं? बहुतेक सगळ्या सापशिड्याच! सापाच्या जागी प्लास्टिकचा कचरा, शिडीच्या जागी झाड, शंभरच्या घरात 'स्वच्छ गाव'. चित्रं सुंदर असतात, पण खेळ तोच.

यात मुलांचा काही दोष नाही. ज्या मुलाने दोनच गोष्टी ऐकल्या आहेत त्याला "नवी गोष्ट लिही" म्हटलं, तर तो त्या दोनातलीच एक फिरवून लिहिणार. लेखनाआधी आपण भरपूर वाचन घेतो, गोष्टीवर गप्पा मारतो, "शेवट बदलला तर?" असं विचारतो. खेळाचंही अगदी तसंच आहे. खेळ बनवायला शिकायचं असेल तर आधी वेगवेगळे खेळ खेळायला हवेत, ते उघडून बघायला हवेत, त्यातला एखादा नियम बदलून काय होतं ते पाहायला हवं. पट रंगवणं हे सगळ्यात शेवटचं काम.

या लेखात हा सगळा प्रवास क्रमाने मांडत आहे. साहित्य काय लागेल? चिंचोके, बाटल्यांची झाकणं, पाठकोरे कागद आणि एक फासा. खर्च जवळजवळ नाहीच.

खेळ उघडून बघायचे सहा प्रश्न

कोणताही खेळ खेळून झाला की मुलांना हे सहा प्रश्न विचारा. उत्तरं एका वहीत लिहून घ्या. तिला 'खेळवही' म्हणू या.

१. जिंकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?
२. आपली पाळी आली की काय काय करता येतं?
३. नशिबाचं काम कुठे आहे? (फासा, कवड्या, पत्ते, चिठ्ठ्या)
४. मला माझ्या मनाने ठरवता येईल असं काय आहे?
५. मी केलेल्या चालीचा दुसऱ्याला काय फरक पडतो?
६. खेळ कसा आणि केव्हा संपतो? तोपर्यंत सगळे खेळात असतात का?

यातला चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की खेळाचा स्वभाव लगेच कळतो. चला, आपल्या ओळखीचे चार खेळ या प्रश्नांतून बघू.

पहिला खेळ: सापशिडी

सापशिडीत मी माझ्या मनाने काय ठरवतो? काहीच नाही! फासा टाकायचा, आलेलं दान मोजायचं, साप असेल तर खाली, शिडी असेल तर वर. पाळी आल्यावर एखादं मूल डुलकी काढत असेल आणि त्याच्या वतीने शेजाऱ्याने फासा टाकला, तरी निकालात फरक पडणार नाही. मुलांना हे सांगू नका, विचारा. "तू हुशार असलास तर सापशिडीत जास्त वेळा जिंकशील का?" या प्रश्नावर वर्गात मस्त वाद होतो.

मग हा खेळ वाईट आहे का? मुळीच नाही. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण होते. सोंगटी मोक्षाकडे जाते कशी आणि घसरते कशी, हे दाखवणं हाच त्या पटाचा हेतू होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये गेला आणि तिथून मुलांचा खेळ म्हणून जगभर पसरला. शिवाय लहान-मोठे सगळे बरोबरीने खेळू शकतात, पहिलीतलं मूल आजोबांना हरवू शकतं, हा निव्वळ नशिबाच्या खेळाचा मोठा गुण आहे. शंभरपर्यंतची मोजणीही होते. पण यात विचार करायला जागा नाही, हे आपल्याला माहीत असायला हवं.

*एक नियम बदला:* एकाऐवजी दोन फासे टाका आणि त्यातलं कोणतंही एकच दान घ्या. बस, एवढंच. आता बघा काय होतं ते. ३ आणि ५ पडले. तीनवर साप आहे का? पाचवर शिडी आहे का? मूल सोंगटी हलवण्याआधी पुढे बघायला लागतं, मनात बेरीज करायला लागतं. "बेरीज कर" असं कोणीही सांगितलेलं नसतं. एका नियमाने गणित आणि विचार दोन्ही खेळात आले.

दुसरा खेळ: फुली-गोळा

हा सापशिडीच्या अगदी उलटा. नशीब शून्य, सगळं आपल्या हातात. मग हा खेळ कायम रंगायला हवा, नाही का? पण चौथी-पाचवीतली मुलं म्हणतात, "सर, यात कोणीच जिंकत नाही." खरंच आहे. दोघांनीही नीट खेळायचं ठरवलं तर नऊ घरांचा हा खेळ नेहमी बरोबरीतच सुटतो. घरं इतकी कमी आहेत की सगळ्या चाली लवकरच पाठ होतात आणि खेळातलं कुतूहल संपतं.

यातून मुलांना एक मोठी गोष्ट कळते. नुसते निर्णय असून भागत नाही, पुढे काय होईल याची थोडी उत्सुकताही उरायला हवी.

*एक नियम बदला:* जमिनीवर नऊ बिंदूंचा चौकोन आखा, आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेषांनी जोडा. प्रत्येकाला फक्त तीनच खडे. आधी आळीपाळीने खडे ठेवायचे, तिन्ही ठेवून झाले की पाळीपाळीने एकेक खडा रेषेवरून शेजारच्या मोकळ्या बिंदूवर सरकवायचा. तीन एका ओळीत आले की जिंकलो. पट तोच आहे, पण आता खडे चालायला लागले! थोडे डाव झाले की मुलांच्या लक्षात येतं की पहिला खडा मध्यभागी ठेवणारा फार जड जातो. मग विचारा, "यावर उपाय काय?" बहुतेक वेळा मुलंच सुचवतात की पहिला खडा मध्यभागी ठेवायचा नाही. हा झाला मुलांनी केलेला पहिला खरा नियम. गैरसोय बघितली, कारण शोधलं, उपाय केला.

हाच विचार मोठा केला की नवकंकरी होते. प्रत्येकी नऊ खडे आणि चोवीस बिंदू. गावातल्या एखाद्या जुन्या देवळाच्या ओट्यावर, किल्ल्यावर किंवा लेण्यात सहल गेली तर फरशीकडे जरा लक्ष द्या. असे दगडात कोरलेले पट आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहेत.

तिसरा खेळ: कवड्यांचा पट आणि लुडो

पाच बाय पाच घरांचा, कवड्यांवर किंवा चिंचोक्यांवर खेळायचा पट आपल्या आजीला नक्की माहीत असतो. त्याचं नाव मात्र गावागणिक बदलतं. इथे नशीब आणि निर्णय यांची जोडी आहे. दान आपल्या हातात नाही, पण कोणती सोंगटी चालवायची ते आपल्या हातात. पुढची सोंगटी घरात न्यायची की मागचीला वाचवायची? दुसऱ्याची मारायची की आपली सुरक्षित घरात ठेवायची? खरा रंग इथे भरतो.

दान कसं पडतं याचाही अभ्यास करता येतो. चिंचोके घासून अर्धे केले की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. असे चार चिंचोके टाकले तर एकूण १६ प्रकारे पडू शकतात. त्यातल्या ६ प्रकारांत दोन पांढरे वर येतात, ४ प्रकारांत एक, ४ प्रकारांत तीन. चारही पांढरे फक्त १ प्रकारे आणि चारही तपकिरी फक्त १ प्रकारे. म्हणूनच चार आणि आठ ही दानं दुर्मीळ आणि म्हणूनच त्यांना जास्तीचा डाव मिळतो! जुन्या लोकांनी किती विचार केला होता बघा. वर्गात पन्नास वेळा चिंचोके टाकून ताळ्याच्या खुणांचा तक्ता करा. चिंचोके काही अगदी सारखे नसतात, त्यामुळे आकडे हुबेहूब येणार नाहीत, पण 'दोन' पुढे असण्याची शक्यता चांगली.

लुडो हा आपल्याच पचिसीपासून इंग्लंडमध्ये तयार झालेला खेळ. १८९६ मध्ये तिथे त्याचं पेटंट घेतलं गेलं. त्यातला एक त्रास प्रत्येक मुलाला माहीत आहे. सहा पडत नाही तोवर सोंगटी बाहेर येत नाही! तीन पाळ्यांत फासा तीन वेळा टाकला तर एकूण २१६ प्रकार होतात आणि त्यातल्या १२५ प्रकारांत एकदाही सहा येत नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा मूल तीन पाळ्या नुसतं बघत बसतं.

*एक नियम बदला:* फाशाऐवजी प्रत्येकाला १ ते ६ अशा सहा चिठ्ठ्यांची स्वतःची डबी द्या. पाळीला न बघता एक चिठ्ठी काढायची. काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. सहाही संपल्या की पुन्हा सगळ्या डबीत. आता सहा पाळ्यांच्या आत प्रत्येकाला सहा मिळणारच. नशीब आहे, पण ते कुणावर रुसून बसत नाही. शिवाय "माझ्या डबीत आता २ आणि ६ च उरलेत" असा अंदाज मुलं बांधू लागतात. वजाबाकीही आली आणि स्मरणही आलं.

चौथा खेळ: व्यापार

सुट्टीत घरोघरी रंगणारा व्यापार ज्या मोनोपॉलीवरून आला, तिच्या मुळाशी एक वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 'लँडलॉर्ड्स गेम' नावाचा खेळ तयार केला आणि १९०४ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. जमीन थोड्या लोकांच्या हाती गेली की बाकीचे भाडं भरून भरून कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळातून दाखवणं हा त्यांचा हेतू होता. त्यांनी एकाच पटासाठी दोन प्रकारचे नियम केले होते. एका प्रकारात एकजण सगळ्यांना बुडवून जिंकतो. दुसऱ्यात कोणीही कमावलं की त्याचा वाटा सगळ्यांपर्यंत पोचतो. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने मोनोपॉली बाजारात आणली. कंपनीने मॅगीबाईंचं पेटंट ५०० डॉलरना विकत घेतलं, पण खेळाचा कर्ता म्हणून बरीच वर्षं चार्ल्स डॅरो यांचंच नाव सांगितलं गेलं. आणि लोकांच्या हाती राहिला तो दुसऱ्याला बुडवण्याचा प्रकार!

मोठ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. पट तोच, सोंगट्या त्याच, पण नियम बदलला की खेळ वेगळंच काहीतरी शिकवतो. आपण पटावर 'एकजूट' असं कितीही मोठ्या अक्षरात लिहिलं आणि नियम मात्र दुसऱ्याला मागे ढकलण्याचे ठेवले, तर मुलं काय शिकणार? नियमच शिकणार.

व्यापारात सहाव्या प्रश्नाचं उत्तरही तपासा. ज्याचं दिवाळं निघालं तो बाजूला बसतो आणि खेळ पुढे तासभर चालूच राहतो. वर्गात हे चालणार नाही. *एक नियम बदला:* दहा फेऱ्या झाल्या की खेळ थांबवायचा, रोख आणि जागांची किंमत मिळवून हिशेब करायचा. कर्ज घ्यायची सोय ठेवायची, पण कोणी बाहेर जायचं नाही.

आता जरा आपल्या 'शैक्षणिक खेळां'कडे

हे सहा प्रश्न आपण स्वतः बनवलेल्या खेळांना लावून बघू या. आपले बरेचसे शैक्षणिक खेळ असे असतात: पटावर प्रश्नचिन्हाची घरं, तिथे सोंगटी आली की कार्ड उचलायचं, उत्तर बरोबर आलं तर दोन घरं पुढे, चुकलं तर दोन घरं मागे.

यात मूल काय ठरवतं? काहीच नाही. फासा टाकायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची. ज्याला पाढे येतात तो जिंकणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. ज्याला येत नाहीत त्याची सोंगटी सगळ्यांच्या देखत मागे जाते. वहीतली चूक निदान त्याच्यापुरती असते, इथे ती पटावर मांडली जाते. तेच मूल पुढच्या वेळी म्हणतं, "मला नाही खेळायचं." आपण त्याला रडीचा डाव म्हणून मोकळे होतो. पण डावच तसा आहे ना!

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: शिकणं प्रश्नाच्या कार्डात ठेवू नका, ते निर्णयात ठेवा. दोन फाशांच्या सापशिडीत बेरीज निर्णयात होती. चिठ्ठ्यांच्या लुडोत वजाबाकी निर्णयात होती. बेरीज केली नाही तर कोणी रागावत नाही, पण केली तर फायदा होतो. मग मूल आपणहून करतं.

एक खेळ घडताना: 'पोती आत घ्या!'

आता हे सगळं वापरून पहिली-दुसरीसाठी एक खेळ बनवू. विषय आपल्या शेतातलाच. खळ्यात धान्याची पोती पडली आहेत आणि अवकाळी पावसाचा ढग येतोय.

एकमेकांना हरवायचं नाही, सगळ्यांनी मिळून ढगाला हरवायचं. असे सहकाराचे खेळ जगात बरेच आहेत. मॅट लीकॉक यांचा २००८ चा 'पँडेमिक' हा त्यातला प्रसिद्ध खेळ, त्यात सगळे खेळाडू मिळून साथीचे रोग आटोक्यात आणतात. सगळे जिंकतात किंवा सगळे हरतात. आपल्या वर्गात वेगवेगळ्या पातळीवरची मुलं एकत्र असतात, त्यांच्यासाठी ही रचना फार उपयोगी आहे. येणारं मूल न येणाऱ्याला चिडवत बसत नाही, कारण ते दोघं एकाच बाजूला असतात.

*पहिला कच्चा खेळ:* चार चिंचोके म्हणजे चार पोती. खळ्यापासून कणगीपर्यंत दहा घरं, दहावं घर म्हणजे कणगी. फासा टाका, तेवढी घरं पोती पुढे न्या, दान पोत्यांत हवं तसं वाटून घ्या. १ पडला तर पोती हलत नाहीत, ढग एक पाऊल पुढे येतो. ढग तीन पावलं आला की पाऊस!

खेळून बघितलं की चौथा प्रश्न अडतो. दान हवं तसं वाटता येत असेल तर कोणतंही पोतं हलवा, शेवटी बेरीज तेवढीच! म्हणजे निर्णय दिसायला आहे, पण खरा नाही.

*दुरुस्ती:* आलेलं दान पूर्ण एकाच पोत्याला द्यायचं. कणगीत पोचल्यावर उरलेलं दान वाया जातं.

आता खरी गंमत सुरू होते. एक पोतं सहाव्या घरावर आहे, एक पाचव्यावर. फाशावर ४ पडले. सहावर दिले तर बरोबर दहा, काही वाया नाही. ५ पडले तर पाचव्यावरच्याला द्या. मुलं आपसात बोलायला लागतात, "ह्याला चार पायजे, त्याला पाच पायजे!" दहाच्या जोड्या आपोआप तोंडात येतात. थोड्या डावांनंतर आणखी एक शोध लागतो: पोतं नऊवर न्यायचं नाही! कारण त्याला १ हवा आणि १ पडला की तर ढग येतो. म्हणजे नऊवरच्या पोत्याला आत घ्यायला निदान एक घर वाया घालवावंच लागतं. हे मुलांना आपण सांगायचं नाही. त्यांना सापडू द्यायचं.

खेळ सोपा की अवघड हे ढगाची पावलं ठरवतात. चारही पोती आत जायला साधारण बारा-तेरा वेळा फासा टाकावा लागतो. ढगाला तीन पावलं ठेवली तर दहातले सहाएक डाव जिंकता येतात, चार ठेवली तर आठएक. पहिलीला चार पावलांपासून सुरू करा. सारखंच जिंकू लागले की तीन करा. कायम जिंकणं कंटाळवाणं आणि कायम हरणं जीवघेणं, या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हेच खेळ बनवणाऱ्याचं कौशल्य.

वर्गात कसं घ्याल?

आठवड्याला एक तासिका धरली तर साधारण सहा आठवड्यांचा उपक्रम होतो. आनंददायी शनिवारी छान बसतो.

*पहिला आणि दुसरा आठवडा – खेळा:* किमान चार वेगळे खेळ. एक नशिबाचा, एक डोक्याचा, एक मिश्र, एक सहकाराचा. प्रत्येक खेळानंतर खेळवहीत सहा प्रश्नांची उत्तरं. पहिली-दुसरीची मुलं तोंडी सांगतील, आपण फळ्यावर लिहायचं. चौथी-पाचवीच्या मुलांना एक मोठ्यांचा खेळही ओळखीचा करून द्या. जर्मनीचे क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या-कॅप तयार करण्याचं काम करायचे. मोकळ्या वेळात ते खेळ बनवत आणि घरच्यांसोबत खेळून तपासत. १९९५ मध्ये आलेला त्यांचा 'कॅटन' जगभर गेला. त्यात दोन फाशांची बेरीज वापरतात. ३६ प्रकारांपैकी ७ सहा प्रकारे येतो, तर २ आणि १२ फक्त एकेका प्रकारे. त्यामुळे कोणत्या आकड्याशेजारी वस्ती करायची याचा विचार करावा लागतो. खेळ नसला तरी दोन फाशांचा हा तक्ता फळ्यावर जरूर करा.

*तिसरा आठवडा – एक नियम बदला:* ओळखीच्या खेळातला एकच नियम बदलायचा. दोन बदलले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच शिकवतो ना! बदलाआधी "मला वाटतं असं होईल" हे लिहायचं, मग खेळायचं, मग "झालं असं" हे लिहायचं.

*चौथा आठवडा – कच्चा खेळ:* गटात नवा खेळ. फक्त पेन्सिल आणि पाठकोरा कागद. रंग अजिबात नाहीत! हे थोडं कडकपणे पाळा. पट रंगवून झाला की मुलांना तो बदलावासा वाटत नाही, जीव अडकतो त्यात. कच्च्या कागदावर मात्र ती बिनधास्त खाडाखोड करतात.

*पाचवा आठवडा – मौन चाचणी:* एका गटाने लिहिलेले नियम दुसऱ्या गटाने वाचून खेळायचे. बनवणाऱ्या गटाने शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. फक्त नोंदी करायच्या. खेळणारे कुठे अडले? कुठे भांडले? कुठे हसले? कुठे खिडकीबाहेर बघायला लागले? पहिल्या पाच मिनिटांत बनवणाऱ्यांची नुसती तगमग होते, कारण "अरे, तसं नाही!" असं म्हणायची सोय नसते. जे आपल्या डोक्यात स्पष्ट होतं ते कागदावर उतरलंच नव्हतं, हे तिथे कळतं.

मराठीच्या तासाला यापेक्षा चांगला लेखनपाठ कुठला असणार? "सोंगटी पुढे न्यावी" म्हणजे कोणाची? किती घरं? दोन सोंगट्या एका घरात आल्या तर? आज्ञार्थी वाक्यं, जर-तर, आधी-नंतर, 'किंवा' आणि 'आणि' यातला फरक, सगळं गरजेपोटी येतं. एका गटाने "सहा आणि एक पडल्यावर बाहेर यावे" असं लिहिलं होतं. फासा एकच होता! 'आणि'च्या जागी 'किंवा' हवं, हे मला सांगावंच लागलं नाही. खेळणारा गट सुरुवातीलाच अडकला होता.

*सहावा आठवडा – दुरुस्ती आणि मग रंग:* चाचणीत सापडलेल्या अडचणींपैकी एक-दोन दुरुस्त करायच्या, पुन्हा एकदा खेळायचं आणि मगच कार्डशीट, स्केचपेन. आता हवी तेवढी सजावट करू द्या.

मूल्यमापन कशाचं?

खेळ किती देखणा झाला याला गुण देऊ नका. नोंद घ्यायचीच तर ही घ्या: मुलाने नियम बदलण्यामागचं कारण सांगितलं का? चाचणीनंतर काही बदललं का? दुसऱ्याच्या खेळाबद्दल "बोअर आहे" यापेक्षा जास्त काही सांगता आलं का? एरवी वहीत मागे असलेलं मूल अशा वेळी "इथे सगळे मधल्याच घरात जातात, मग बाकीची घरं कशाला?" असं नेमकं बोलून जातं. ते वाक्य त्याच्या नोंदीत लिहून ठेवा. पालकसभेत त्याच्या आई-बाबांना वाचून दाखवा.

पालकांसाठी चार गोष्टी

१. विकतचे महाग खेळ लागत नाहीत. घरातल्या आजी-आजोबांना पट आखून द्यायला सांगा. आईकडची आजी आणि बाबांकडची आजी एकाच खेळाचे वेगळे नियम सांगतील. "खरा नियम कोणता?" यावर वाद घालू नका. दोन्ही नियमांनी खेळा आणि कोणता जास्त आवडला, का आवडला, ते मुलाला विचारा. नियम माणसांनीच केलेले असतात आणि सगळ्यांच्या संमतीने बदलता येतात, ही फार मोठी शिकवण आहे.

२. मुलाला बरं वाटावं म्हणून मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळतं. त्यापेक्षा उघडपणे नियम बदला: मोठ्यांना एक खडा कमी किंवा मुलाला एक चाल परत घ्यायची मुभा. मग जिंकलेला डाव खरा असतो.

३. डाव सुरू असताना नियम बदलायचा नाही, डाव संपल्यावर बदलायचा. हा एक नियम मात्र घरात पक्का ठेवा. हरायला लागलं की नियम बदलणं आणि विचार करून नियम बदलणं यातला फरक मुलाला इथेच कळतो.

४. हरल्यावर मूल रडलं तर लगेच समजूत घालून विषय संपवू नका. शांत झाल्यावर विचारा, "या खेळात काय बदललं असतं तर तुला मजा आली असती?" बऱ्याचदा त्याचं उत्तर अगदी रास्त असतं.

शिक्षक मित्रांनो, पूर्ण सहा आठवडे जमतीलच असं नाही, आपल्या मागे किती कामं असतात ते मला माहीत आहे. मग एवढं तरी करा. येत्या शनिवारी दोन फाशांची सापशिडी खेळायला द्या आणि चौथा प्रश्न फळ्यावर लिहा: "तू तुझ्या मनाने काय ठरवलंस?" उत्तरं ऐका. मुलांनी केलेले नियमबदल आणि नवे खेळ मला जरूर कळवा, 'पोती आत घ्या' खेळताना सापडलेल्या त्रुटीही कळवा. आमच्या वर्गात त्या खेळाची खाडाखोड अजून चालूच आहे.